ट्रान्झिस्टरचा साधा ध्वनिवर्धक : रचना आणि दोषशोध

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात एखादा बंद पडलेला ध्वनिवर्धक नाही, असे गाव विरळाच. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी तो बाहेर काढला जातो, तारा जोडल्या जातात, कोणी तरी माईकवर टिचकी मारून पाहतो आणि कर्ण्यातून एक तर काहीच उमटत नाही किंवा नुसती घरघर ऐकू येते. मग भाड्याचा संच मागविला जातो व शाळेचा संच पुन्हा कपाटात जातो. काही वर्षांनी डेडस्टॉक रजिस्टरातील त्याच्या नोंदीपुढे निर्लेखनाचा शेरा पडतो. पुष्कळदा त्यात निकामी झालेला भाग अवघ्या दोन-चार रुपयांचा असतो. तो कोणता हे शोधून काढण्याची रीत मात्र कोणास ठाऊक नसते.

दुसरे चित्र विज्ञान प्रदर्शनातील आहे. आठवी-नववीतील विद्यार्थी एखाद्या पुस्तिकेतील आकृती पाहून एका ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक जुळवितो. जोडणी तंतोतंत बरोबर असते, तरी आवाज चिरका व फाटका येतो. शेजारच्या विद्यार्थ्याने त्याच आकृतीवरून, त्याच दुकानातून आणलेल्या भागांनी केलेला ध्वनिवर्धक मात्र स्वच्छ वाजतो. 'तुझे कोठे तरी चुकले असेल' असे त्या मुलास सांगण्यात येते आणि आपल्याला हे जमत नाही, अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक त्याचे काहीच चुकलेले नसते. चूक आकृतीतच असते. ती कोणती, हे शिक्षकाला त्याच जागी दाखवून देता आले, तर त्या मुलाचा उत्साह टिकण्यास पुष्कळ मदत होईल.

या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच आहे. ध्वनिवर्धकातून आवाज वाहू लागण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरवर काही ठरावीक स्थिर विद्युतदाब असावा लागतो. तो योग्य असेल अशी रचना करणे म्हणजे ध्वनिवर्धकाची आखणी होय, आणि तो कोठे ढळला आहे हे मोजून पाहणे म्हणजे बहुतांश दोषशोध होय.

कालव्याचे अर्धे उघडे दार

२३ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी आपल्या वरिष्ठांना ट्रान्झिस्टरचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा त्यांनी माणसाच्या बोलण्याचाच आवाज त्यातून वाढवून ऐकविला होता. १९५६ साली या दोघांना विल्यम शॉकली यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ध्वनिवर्धन हे ट्रान्झिस्टरचे अगदी पहिले काम, आणि ते शिकण्याचा उत्तम मार्गही तोच आहे.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमध्ये शिरणारा अतिशय लहान प्रवाह कलेक्टरमधील मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण करतो. पाटबंधाऱ्याच्या कालव्याचे दार फिरविणाऱ्या माणसाच्या हाताला फार बळ लागत नाही, पण त्याने दार थोडे वरखाली करताच पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. ते पाणी धरणातून आलेले असते, माणसाच्या हातातून नव्हे. त्याचप्रमाणे ध्वनिवर्धकातून निघणारी शक्ती बॅटरीची असते. माईककडून आलेला संदेश केवळ दार हलवितो.

या उपमेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ध्वनीचा संदेश वर आणि खाली असा दोन्ही बाजूंना हेलकावत असतो. दार आधीच पूर्ण बंद असेल, तर ते आणखी बंद करता येत नाही आणि पूर्ण उघडे असेल, तर आणखी उघडता येत नाही. दोन्ही परिस्थितींत संदेशाचा एक अर्धा भाग छाटला जातो व कानाला फाटका आवाज ऐकू येतो. म्हणून संदेश नसतानाही दार मध्यावर उघडे असावे लागते. या स्थितीला कार्यबिंदू म्हणतात. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साधारण सहा-सात व्होल्टवर स्थिर ठेवावा, असा याचा सरळ अर्थ आहे.

पुस्तिकेतील आकृती कोठे चुकते

अनेक पुस्तिकांत हा कार्यबिंदू एकाच रेझिस्टरने साधलेला असतो. एमिटर सरळ ऋण टोकाला म्हणजे अर्थला, कलेक्टर ४.७ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून धन टोकाला, आणि बेसला धन टोकाकडून २.२ मेगा-ओहमचा एक मोठा रेझिस्टर. बेसवर सुमारे ०.६५ व्होल्ट असतात. म्हणजे या मोठ्या रेझिस्टरमधून बेसमध्ये सुमारे ५.२ मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. ट्रान्झिस्टर हा प्रवाह २०० पट करणारा असेल, तर कलेक्टरमधून सुमारे १ मिलिअँपिअर वाहतो, ४.७ किलो-ओहमवर जवळजवळ ४.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि कलेक्टर ७.२ व्होल्टच्या आसपास राहतो. येथवर सर्व ठीक आहे.

परंतु ट्रान्झिस्टर २०० पटच प्रवाह करील याची हमी कोणी देत नाही. बाजारात सर्वांत सहज मिळणाऱ्या बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा हा गुणांक, उत्पादकांच्याच तक्त्यानुसार, ११० ते ८०० यांमध्ये कितीही असू शकतो. नावापुढे ए, बी, सी ही अक्षरे असतात, ती याच गुणांकाचे गट दाखवितात. ११० गुणांकाचा नग वरील आकृतीत बसविला, तर कलेक्टर ९.३ व्होल्टवर जातो. ४०० गुणांकाचा नग बसविला, तर तो २.३ व्होल्टपर्यंत खाली येतो आणि ५०० गुणांकाच्या नगाने दार पूर्ण उघडून बसते व ध्वनीचा अर्धा भाग नाहीसा होतो. शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचा संच वाजतो व दुसऱ्याचा वाजत नाही, याचे कारण हे. एकाच दुकानातील एकाच डब्यातून दोघांना वेगवेगळ्या गुणांकाचे नग मिळालेले असतात.

त्यात उष्णतेची भर पडते. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरचा गुणांक वाढतो आणि बेस-एमिटरमधील विद्युतदाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. डिसेंबरात चाललेली जोडणी नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला असता, तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

नगावर अवलंबून नसलेली रचना

उपाय साधा आहे व त्याला फक्त दोन रेझिस्टर अधिक लागतात. बेसला धन टोकाकडून ८२ किलो-ओहम आणि बेसपासून अर्थकडे १५ किलो-ओहम असे दोन रेझिस्टर जोडावेत. एमिटर सरळ अर्थला न जोडता १ किलो-ओहममधून जोडावा. कलेक्टरचा ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर पूर्वीचाच.

पहिल्या दोन रेझिस्टरांमुळे बेसवर सुमारे १.८ व्होल्टचा विद्युतदाब ठरून जातो. त्यांच्यातून सव्वाशे मायक्रोअँपिअरच्या जवळपास प्रवाह वाहत असतो, आणि बेस त्यातून दहा मायक्रोअँपिअरपेक्षा कमीच उचलतो. म्हणून बेसने थोडे अधिक किंवा थोडे कमी घेतल्याने विशेष फरक पडत नाही. एमिटर बेसच्या ०.६५ व्होल्ट खाली, म्हणजे सुमारे १.१ व्होल्टवर राहतो. १.१ व्होल्ट आणि १ किलो-ओहम, तेव्हा प्रवाह १.१ मिलिअँपिअर. या हिशेबात गुणांकाचा संबंध जवळजवळ कोठेच येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रवाह वाढू लागला, तर एमिटर वर उचलला जातो, बेस आणि एमिटर यांतील अंतर कमी होते आणि प्रवाह आपोआप आवरला जातो.

या रचनेत ११० गुणांकाचा नग घातला, तर कलेक्टर जवळजवळ ७ व्होल्टवर राहतो आणि ८०० गुणांकाचा घातला, तर सुमारे ६.४ व्होल्टवर. पहिल्या आकृतीत नग बदलताच कार्यबिंदू सात व्होल्टने सरकत होता, येथे तो अर्ध्या व्होल्टच्या जवळपास सरकतो. वर्गात या दोन्ही जोडण्या शेजारी शेजारी मांडून, चार-पाच ट्रान्झिस्टर आलटून पालटून घालून मल्टिमीटरने कलेक्टर मोजून दाखवावा. त्यासाठी स्पीकरचीही गरज नाही.

एमिटरच्या रेझिस्टरने स्थैर्य येते, परंतु तो आवाजही आवरतो. केवळ याच रेझिस्टरांवर संदेशाची वाढ पाचपटीहूनही कमी होते. म्हणून एमिटरपासून अर्थकडे १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर जोडतात. कपॅसिटर स्थिर प्रवाह अडवितो व बदलता प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे कार्यबिंदूला धक्का न लागता संदेशाला मोकळी वाट मिळते. नुसता कपॅसिटर जोडल्यास वाढ दोनशे पटींच्या घरात जाते, पण मग आवाजात विकृतीही येते. मधला मार्ग म्हणून कपॅसिटरच्या ओळीत १०० ओहमचा एक रेझिस्टर घालावा. तेव्हा सुमारे ४० पट वाढ मिळते व ती पुन्हा नगावर फारशी अवलंबून राहत नाही. बेसकडे येणारा संदेश १ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून आणावा. त्याच्या अलीकडे १० किलो-ओहमचा आवाज कमीजास्त करणारा पोटेन्शिओमीटर असावा. मोबाइलच्या ईअरफोन-जोडणीतून संदेश घ्यावयाचा असल्यास डावी व उजवी तार थेट एकत्र न करता प्रत्येकीत १ किलो-ओहम घालून मग ती एकत्र आणावीत.

स्पीकरसाठी बळ

या कलेक्टरला ८ ओहमचा स्पीकर कपॅसिटरमधून जोडून पाहिला, तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. चाळीस पट वाढ कोठे गेली, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ४.७ किलो-ओहममधून येणारा संदेश ८ ओहमसारखे जड ओझे ओढू शकत नाही. विद्युतदाब वाढला, पण तो प्रवाह पुरवू शकत नाही. म्हणून पुढे बळ देणारा टप्पा लागतो.

त्यात तीन ट्रान्झिस्टर असतात. पहिल्या टप्प्याच्या कलेक्टरवरून १० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून संदेश दुसऱ्या बीसी ५४७ च्या बेसवर येतो. याचा एमिटर ४७ ओहममधून अर्थला जातो व त्या ४७ ओहमला ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर समांतर असतो. याचा कलेक्टर दोन डायोडांमधून व पुढे ५६० ओहममधून धन टोकाला जातो. डायोड १एन ४००७ चालतात. त्यांचे पट्ट्याचे टोक कलेक्टरच्या बाजूला असावे. दोन डायोडांच्या वरच्या टोकाला बीडी १३९ चा बेस आणि खालच्या टोकाला बीडी १४० चा बेस जोडावा. बीडी १३९ चा कलेक्टर धन टोकाला, बीडी १४० चा अर्थला, आणि दोघांचे एमिटर एकेका १ ओहमच्या रेझिस्टरमधून एकमेकांस जोडावेत. या सांध्याला मध्यबिंदू म्हणू. संदेश वर जातो तेव्हा वरचा ट्रान्झिस्टर स्पीकरला प्रवाह ढकलतो व खाली जातो तेव्हा खालचा ओढून घेतो. करवतीच्या दोन टोकांना धरलेल्या दोन सुतारांसारखे हे काम चालते. मध्यबिंदूपासून स्पीकरकडे १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर घालावा. त्यामुळे स्थिर प्रवाह स्पीकरमध्ये शिरत नाही.

मध्यबिंदू सहा व्होल्टच्या जवळ राहावा, ही येथील मुख्य अट. त्यासाठी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला लागणारा विद्युतदाब धन टोकाकडून न घेता मध्यबिंदूकडूनच ८.२ किलो-ओहममधून घ्यावा व बेसपासून अर्थकडे २.२ किलो-ओहम जोडावा. मध्यबिंदू वर सरकू लागला, की दुसरा ट्रान्झिस्टर अधिक प्रवाह घेऊन त्याला खाली ओढतो. खाली जाऊ लागला, की सैल सोडतो. पहिल्या टप्प्यात एमिटरच्या रेझिस्टरने जे काम केले, तेच येथे ही वाट करते.

पहिल्या टप्प्याचा विद्युतपुरवठा २२० ओहममधून न्यावा व त्याच्या पुढच्या टोकापासून अर्थकडे २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ठेवावा. ही जोडी अनावश्यक वाटून ती गाळण्याचा मोह होतो. तिचे महत्त्व पुढे दिसेल. संपूर्ण संचाची वाढ ५०-६० पट होते, आणि पाव ते अर्धा वॉट आवाज मिळतो. एका वर्गखोलीला तो पुरतो, मैदानाला नाही. माईक जोडावयाचा असल्यास त्याचा संदेश मोबाइलच्या मानाने फारच क्षीण असतो. म्हणून पहिल्या टप्प्यासारखाच आणखी एक टप्पा त्याच्या आधी बसवावा लागतो.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे हे सर्व भाग सुटे मिळतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्यांकडे बहुतेक सापडतात. जुन्या पुस्तिकांतील बीसी १४८ किंवा एसएल १०० यांच्या शोधात वेळ घालविण्याचे कारण नाही. मात्र पाय ओळखताना सावध राहावे. सपाट, अक्षरांची बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात, तर बीडी १३९ व १४० चे एमिटर, कलेक्टर, बेस असे. एमिटर व कलेक्टर उलटे जोडले गेले तरी ट्रान्झिस्टर मरगळलेला का होईना थोडा चालतो, आणि त्यामुळे ही चूक दिवसभर सापडत नाही.

प्रथम पुरवठा देताना

जोडणी होताच थेट पूर्ण पुरवठा देऊ नये. घरोघरी वायरमन सिरीज बोर्ड वापरतात, तीच युक्ती येथे करावी. १२ व्होल्टच्या धन तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक दिवा ओळीत जोडावा. संच निरोगी असेल, तर तो शांत असताना सर्व मिळून पन्नास मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि दिवा पेटत नाही. कोठे शॉर्ट असेल तर दिवा झगझगीत पेटतो व ट्रान्झिस्टर वाचतो. ज्या दोन डायोडांची वर योजना केली, त्यांपैकी एखादा जोडावयाचा राहिला किंवा उलटा बसला, तर बीडी १३९ व १४० हे दोघेही एकाच वेळी पूर्ण उघडतात आणि पाहता पाहता जळतात. दिवा असला, म्हणजे ही चूक फुकटात कळते.

दिवा काढल्यानंतर १ ओहमच्या एका रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजावेत. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. १० ते ४० आल्यास समाधान मानावे. त्याहून बरेच अधिक असतील व बीडी ट्रान्झिस्टर हाताला तापत असतील, तर डायोड त्या ट्रान्झिस्टरांना किंवा त्यांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टेकलेले आहेत किंवा नाहीत ते पाहावे. ट्रान्झिस्टर तापला की डायोडही तापावा व त्याने प्रवाह आवरावा, यासाठी ही जवळीक आवश्यक असते. मात्र डायोडच्या उघड्या तारा पत्र्याला लागू देऊ नयेत.

दोष शोधण्याची रीत

बंद संच समोर आला, की दुरुस्ती करणारे पुष्कळजण एकेक ट्रान्झिस्टर बदलत सुटतात. ही रीत खर्चाची तर आहेच, शिवाय सोल्डरच्या वारंवार उष्णतेने पट्टीवरील तांबे सुटते आणि एका दोषाचे चार दोष होतात. त्याऐवजी मल्टिमीटरची काळी तार अर्थला कायम लावून लाल तारेने ठरावीक ठिकाणचे विद्युतदाब मोजावेत व कागदावर लिहावेत. प्रस्तुत संचात ते असे असावेत : पुरवठा १२ व्होल्ट, २२० ओहमच्या पलीकडे पावणेबारा, पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस १.८, एमिटर १.१, कलेक्टर साडेसहा, दुसऱ्याचा बेस १.१ ते १.२, एमिटर ०.४५, कलेक्टर सव्वापाचच्या आसपास, आणि मध्यबिंदू ६ च्या किंचित खाली. अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक मनावर घेऊ नये.

सुरुवात मध्यबिंदूपासून करावी. तो ११ व्होल्टजवळ असेल, तर दुसरा ट्रान्झिस्टर बंद आहे किंवा बीडी १३९ शॉर्ट आहे. दुसऱ्याच्या बेसवर शून्य आढळल्यास ८.२ किलो-ओहमची वाट तुटलेली आहे. मध्यबिंदू दीड व्होल्टजवळ असेल, तर २.२ किलो-ओहम सुटलेला असण्याचा संभव मोठा. आणि तो अगदी शून्याला टेकला असेल, तर ५६० ओहम उघडा पडला आहे किंवा बीडी १४० शॉर्ट झाला आहे. मध्यबिंदू ठीक असला, म्हणजे तीन ट्रान्झिस्टर एका मापात निर्दोष ठरतात व शोध पहिल्या टप्प्यापुरता उरतो.

तेथे कलेक्टरवर पूर्ण पुरवठा दिसला, तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहत नाही. मग बेस पाहावा. बेस शून्य असल्यास ८२ किलो-ओहम तुटला आहे. बेसवर १.८ असून एमिटरवर शून्य असल्यास ट्रान्झिस्टरच आतून तुटला आहे, कारण निरोगी ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांत ०.६ ते ०.७ व्होल्टहून अधिक अंतर पडू शकत नाही. सर्व ट्रान्झिस्टर-दोषशोधात उपयोगी पडणारे हे एक मोजमाप पाठच करावे. उलट कलेक्टर व एमिटर दोघेही २ व्होल्टच्या जवळ एकमेकांस खेटून असतील आणि बेस पावणेतीनला असेल, तर १५ किलो-ओहम सुटला आहे व दार पूर्ण उघडले आहे.

सर्व आकडे बरोबर असूनही आवाज नसेल किंवा अगदी बारीक असेल, तेव्हा मल्टिमीटरने खोटे सांगितले असे समजू नये. त्याने अर्धे काम केलेले असते. स्थिर विद्युतदाब बरोबर असताना दोष फक्त तेथेच असू शकतो, जेथून स्थिर प्रवाह जात नाही : कपॅसिटर, स्पीकर, संदेशाची तार आणि पोटेन्शिओमीटर. आवाज एकदम दहावा हिस्सा झाला असेल, तर पहिल्या एमिटरचा १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर उघडा पडल्याचे ते चिन्ह होय. आवाज मुळीच नसेल, तर शेवटाकडून सुरुवातीकडे यावे. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर ओहमवर लावला असता बारीक खट् असा आवाज येतो व ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहम दाखवितो. नंतर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला, मग पहिल्याच्या कलेक्टरला, मग बेसला स्क्रूड्रायव्हरचे लोखंड बोटाने धरून टेकवावे. प्रत्येक ठिकाणी स्पीकरमधून खरखर किंवा गुणगुण यावी आणि मागे जाऊ तशी ती वाढावी. जेथे ती थांबली, तेथे व त्याच्या पुढच्या ठिकाणामध्ये दोष आहे. बोटाची ही परीक्षा केवळ बारा व्होल्टच्या संचावरच करावी.

आवाज येतो पण घरघर असते, तेव्हा घरघरीची जात ओळखावी. पोटेन्शिओमीटर कमी केल्यावर ती कमी होत असेल, तर ती बाहेरून शिरलेली आहे. संदेशाची तार जाळीच्या वेष्टनाची आहे काय व ते वेष्टन एकाच ठिकाणी अर्थला जोडले आहे काय, ते तपासावे. पोटेन्शिओमीटरचा काही परिणाम होत नसेल, तर ती पुरवठ्यातून येते. ट्रान्सफॉर्मर असलेल्या पुरवठ्यात मोठा फिल्टर कपॅसिटर वाळला, की असे होते. फटफटीसारखा ठराविक ठोका येत राहिला, तर पहिल्या टप्प्याच्या पुरवठ्यातील २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर निकामी झालेला असतो. शेवटच्या टप्प्याचे धक्के पुरवठ्याच्या तारेतून पहिल्या टप्प्यात शिरतात, पुन्हा वाढतात व हे चक्र चालू राहते. ज्यांनी ती जोडी अनावश्यक म्हणून गाळली असेल, त्यांच्या संचात ही फटफट पहिल्याच दिवशी ऐकू येण्याचा संभव असतो.

आवाज फाटतो, तोही दोन प्रकारे. मोठ्या आवाजातच फाटत असेल, तर मध्यबिंदू ढळला आहे किंवा संचाकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागणी होत आहे. उलट बारीक आवाजात बोलणे खरबरीत येते व मोठ्या आवाजात सुधारते, असे असेल तर डायोडांपैकी एखादा शॉर्ट झाला आहे आणि दोन सुतारांच्या हातांमध्ये करवत क्षणभर सुटते आहे. आणि हात लावला की आवाज येतो-जातो, अशा संचात ट्रान्झिस्टरांना दोष देण्यापूर्वी प्रत्येक सांधा भिंगातून पाहावा. वरून चकचकीत दिसणाऱ्या, पण तारेला न धरलेल्या सोल्डरला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. मुलांच्या जोडण्यांत सर्वाधिक सापडणारा दोष हाच असतो.

कपाटातील संचाबद्दल

शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा मोठा संच याच रीतीने तपासता येतो. परंतु तो २३० व्होल्टवर चालतो आणि त्याचे झाकण प्लग लावलेला असताना उघडणे जिवावर बेतू शकते. अशा पुष्कळ संचांना मागील बाजूस १२ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी असते. तपासणी नेहमी तिच्यावर करावी, व त्या वेळी विजेचा प्लग भिंतीतून काढून बाजूला ठेवावा. कर्ण्यांसाठी १०० व्होल्ट लाइनचे टोक असल्यास संच चालू असताना त्यास स्पर्श करू नये. बॅटरीची सोय नसलेला संच जाणकाराकडेच द्यावा, मात्र 'चालत नाही' एवढेच न सांगता घरघर आहे, फटफट आहे की संपूर्ण शांतता आहे, आणि आवाजाच्या बटणाने त्यात फरक पडतो किंवा नाही, हे लिहून द्यावे. नव्या संचांत सुट्या ट्रान्झिस्टरांऐवजी आयसी असतो. एकेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या आयसीच्या आउटपुट पायावरही पुरवठ्याच्या निम्मा विद्युतदाब असावा लागतो, तेव्हा पहिले मोजमाप तेथेही तेच.

संच उत्तम चालत असतानाच त्याचे सर्व विद्युतदाब एकदा मोजून, तारीख घालून, तो कागद झाकणाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा. पुढे तो संच उघडणारी व्यक्ती वेगळीच असण्याचा संभव असतो.